दुसऱ्याच्या नावाचा हुकूम

गडमुडशिंगीचा सिकंदर पिंजारी राजकारणाच्या वाटेला कधी गेला नाही. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, एवढंच त्याला ठाऊक. पंच्याहत्तरच्या सप्टेंबरात पोलीस आले तेव्हाही तो गादीला टाके घालत बसला होता. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, अटकेचा हुकूम होता आणि त्यावर नाव होतं सिकंदर हुसेन पिंजारी. सरकारविरुद्ध पत्रकं वाटणारा तो कोणी दुसराच.

"सायेब, माझा बा गौस. ह्यो हुसेन कोन?"

"ते तिथं सांग," म्हणत त्याला गाडीत घातलं.

कळंब्याच्या तुरुंगात ऐकून घ्यायला 'तिथं' कोणीच नव्हतं. शेजारी आकाराम गुरुजी होते. ते आणीबाणीविरुद्ध उघड भाषण करून आत आलेले. त्यांनीच सिकंदरचा हायकोर्टाकडचा अर्ज लिहून दिला.

"बघ, मोकळं राहायचा हक्क घटनेत हाय," गुरुजींनी समजावलं. "सरकारनं तो सध्या गुंडाळून ठेवलाय. पर आमचं म्हणणं, हक्क गुंडाळला तरी कायदा जित्ता हाय. हुकूम ज्याच्यावर, त्यालाच धरलंय का, एवढं तरी कोर्टानं बघावं. सरकार म्हणतंय, अक्षर हाय तसंच वाचा. दार बंद म्हंजे बंद. आत कोन हाय, हेबी विचारायचं न्हाय."

बऱ्याच हायकोर्टांनी गुरुजींसारखाच अर्थ लावला होता. सिकंदरचा अर्ज दाखल झाला. बायको फातिमा भेटीला आली तेव्हा तो म्हणाला, "आता आलोच बघ." पण सरकार दिल्लीला वरच्या कोर्टात गेलं आणि खालचं सगळं थांबलं.

एप्रिलात निकाल लागला. पाचांपैकी चौघा न्यायाधीशांनी सरकारचंच वाचन बरोबर धरलं. गुरुजींनी पेपर वाचून घडी घातली. सिकंदरकडे बघायचं त्यांना होईना.

"चुकीचा मानूस धरला असला तरी?"

"तरीबी."

त्या दिवसापासून सिकंदर भिंतीकडं तोंड करून निजू लागला. जेवण पुढ्यात यायचं, तसंच परत जायचं.

पावसाळ्यात छापील कागद आले. यापुढं आंदोलन करणार नाही, असं लिहून दिलं तर सुटकेचा विचार होईल. गुरुजींनी कागदाला हात लावला नाही. सिकंदरनं मात्र, कधीच न केलेलं पुन्हा करणार नाही म्हणून, सही ठोकली: सिकंदर गौस पिंजारी.

महिन्यानं वरच्या कचेरीतून कागद परत आला. हुकमात हुसेन, सहीत गौस. नाव जुळत नाही.

"मग सोडा की मला!" तो कारकुनावर ओरडला. "तुमीच म्हणताय, मी त्यो न्हवं!"

"ते ठरवायचा अधिकार आम्हाला न्हाय, बाबा," कारकून हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं.

पुढच्या भेटीत फातिमा जाळीला धरून रडली. "हुसेन लिव्हा. काय बी लिव्हा, पर घरला या."

"बाप बदलून येऊ?" तो म्हणाला. दुसऱ्याचं नाव लिहिलं की दुसऱ्याचा गुन्हाही आपलाच, एवढं त्याला कळत होतं. रागाच्या भरात फातिमा उठून गेली आणि दोन महिने आली नाही. ते दोन महिने त्याला आधीच्या सगळ्या वर्षापेक्षा जड गेले. एकदा त्यानं दौत मागवली. 'सिकंदर' लिहिलं. पुढं हात चालला नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्चात आणीबाणी उठली आणि सगळ्यांबरोबर तोही सुटला. फाटकावर पुकारा झाला तो हुसेनच्याच नावाचा. तो मान खाली घालून "हजर" म्हणाला आणि बाहेर पडला.

दहा महिन्यांनी गुरुजी सायकल दामटत पिंजाऱ्याच्या दारात आले. हातात पेपर होता. पासपोर्टच्या एका खटल्यात दिल्लीच्या कोर्टानं मोकळं राहण्याच्या हक्काचा मोठा अर्थ लावला होता. माणसाला अडवायची रीतसुद्धा न्यायाचीच हवी, असं म्हटलं होतं.

"हे जज नवं हाईत का?" सिकंदरनं विचारलं.

गुरुजी अडखळले. "त्यातलं तिघं तवाच्या चौघांतबी हुते."

फातिमानं चहा आणून ठेवला. गुरुजी म्हणाले, "भरपाईसाठी एक अर्ज करू या. मी लिहितो."

"अर्ज नगं, गुरुजी," सिकंदर म्हणाला. "चहा घ्या."