बाबांच्या वाटणीचं पिंप

मी कॅनडाला निघालो तो शनिवार होता, म्हणून बाबा विमानतळावर आले नाहीत. त्या दिवसाचं तिकीट स्वस्त होतं आणि स्वस्तातलं सोडणं माझ्या रक्तात नाही. आदल्या दिवशी रेवदंड्याच्या घराच्या दारात ते एवढंच म्हणाले, "शब्बाथला निघणाऱ्याला मी निरोप देणार नाही." आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, शनवार तेली. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवतो म्हणून गावाने दिलेलं नाव. त्या नावापायी बापाने मुलाकडे पाठ फिरवली, हे मी विसरलेलो नाही.

हॅमिल्टनच्या स्टील मिलमध्ये ओव्हरटाइम करून मी नायगाराकडे जमीन घेतली. विकणाऱ्या म्हाताऱ्याला घासाघीस करून असा पिडला, की त्याने वैतागून जुना ट्रॅक्टरही त्यातच देऊन टाकला. द्राक्षाच्या फ्रेंच वेली लावल्या. शेजारी हसले, विंटरमध्ये मरतील म्हणाले. मी, बायको रिबेका आणि आमच्या मुली दर फॉलला वेली मातीखाली झाकायचो, स्प्रिंगमध्ये उकरून काढायचो. लाल वाइनही जुन्या फ्रेंच रीतीची. रस सालांसकट उघड्या पिंपात आंबवायचा, वर चढणारा सालांचा थर रोज पुन्हा पुन्हा दांड्याने खाली दाबायचा, मग ओकच्या पिंपात मुरवायचा.

मला एकच हवं होतं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना प्याला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, किद्दुशला, बाबांनी माझी वाइन घ्यावी. रेवदंड्यात वाइन कुठली? तिथे काळ्या मनुकांचं सरबतच प्याल्यात असायचं.

बाबा एकदाच कॅनडाला आले, ते ऐन हार्वेस्टमध्ये. शनिवारी सकाळी मी दांडा उचलला, तर ते दारात उभे.

"आज शनिवार."

"बाबा, थर सुकला तर सगळ्याचं व्हिनेगर होईल."

"घाणा एक दिवस बंद राहिला म्हणून तेल कधी कडू झालं का रे?"

"हे तेल नाही!" मी ओरडलो. "तुम्हाला काय कळतं ह्यातलं?"

"वाइनमधलं नाही कळत. पण शब्बाथला हात लागलेली वाइन मी किद्दुशला घेणार नाही."

नाहीच घेतली. धाकटी "आजोबा, जस्ट वन सिप" म्हणत मागे लागली. ते हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ट्रंकेतून आणलेल्या मनुका भिजत घातल्या.

पुढच्या हार्वेस्टला मी एक पिंप त्यांच्यासाठी वेगळं काढलं. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत थर दाबला आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्याला शिवलो नाही. वाइन बिघडली नाही. चांगली झाली. ती ओकमध्ये मुरत होती तेव्हाच तिकडे रेवदंड्यात बाबा गेले. मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती.

रेवदंड्याहून भाऊ फोनवर म्हणतो, ये, तुझं घर आहे इथे. असेल. पण ज्याच्या हातात प्याला देऊन "बोला आता" म्हणायचं होतं, तो माणूस तिथे नाही.

शनिवारी आता मी कुठल्याच पिंपाला हात लावत नाही. पोर्चवर बसतो, हात शिवशिवतात आणि बाबांना सुनावत राहतो. आतून रिबेका विचारते, "कोणाशी भांडताय?"

इथे सगळ्या जगाशी मी इंग्रजीत भांडतो. बाबांशी मराठीतलं हे भांडण, एवढंच घर मला उरलंय.