आईच्या कमरेची थरथर

आमच्या आईला ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं घराणं ओरडून बोलतं. (तरीही तिला ऐकू येत नाही. ती ओठांवरून ओळखते. पण सवय लागली ती लागली.) माझ्या लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे, आत भांडण पेटलंय असं समजून अंगणातूनच परत गेले होते.

आई बेला या आमच्या गावी एकटी राहते, वांगी-मेथी पिकवते आणि आठवडी बाजारात स्वतः विकते. वैशाखातल्या एका दुपारी ती आतून कडी लावून जेवत होती. शेजारणीनं दार वाजवलं, मग चौघांनी वाजवलं, मग सगळ्यांनी मिळून तोडलं! आत आई शांतपणे ठेचा-भाकरी खात होती. तिनं दाराकडे पाहिलं आणि आता हे बसवून कोण देणार, एवढंच विचारलं.

बातमी चंद्रपूरला पोचली आणि माझी थोरली बहीण, शोभाताई, बॅग घेऊन दाखल झाली. आईनं आता आपल्या फ्लॅटमध्ये राहायचं, असा तिनं निकाल दिला.

"माही वांगी तुह्या गॅलरीत लावू काय?" आई म्हणाली.

आदिलाबादला माझं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मला जरा जास्तच समजतं. आवाज झाला की कमरेला थरथरेल असं यंत्र आठ दिवसांत करून देतो, असं मी छाती ठोकून सांगितलं. ताई कबूल झाली. जमलं तर आई बेल्यात, फसलं तर चंद्रपूर. आईला कोणी विचारलंच नाही.

मी बंद पडलेल्या मोबाइलमधली थरथरणारी मोटार काढली, माईक जोडला, बॅटरी लावली आणि सगळं आई कमरेला खोचते त्या पानाच्या बटव्यात शिवलं. आता किती मोठ्या आवाजाला हे जागं व्हावं, ते ठरवायचं होतं. आईला नेहमी मारतो तशी एक साधी हाक मी दुकानात मारली आणि त्या मापावर स्क्रू पक्का केला. (समोरचा चहावाला धावत आला, शॉक कोणाला लागला म्हणून.) तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आठव्या दिवशी परीक्षा झाली. ताईनं दार वाजवलं. बटवा गप्प. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बटवा गप्प! मी समजावायला तोंड उघडलं, तर बटव्यानं उडीच मारली. ताईनं मला गप्प बसायला सांगितलं, तर पुन्हा उडी. मग आम्हा भावंडांची जी जुंपली, त्यात प्रत्येक वाक्याला आईची कंबर थरथरत होती आणि ती बिचारी दर वेळी दारापर्यंत जाऊन पाहून येत होती. चौथ्या खेपेला तिनं बटवा काढून माझ्यासमोर आपटला.

"आवाजाचा अन् माहा काय संबंध? ट्रॅक्टर आला का मले पायाले समजते. दार हाललं का कमरेले समजू दे, तेवढं कर." मग ती ताईकडे वळली. "अन् मी कुठं राहाचं ते मले ईचारा. बहिरी हाव मी, मुकी नाही."

आमच्या घरात तेव्हा जी शांतता पसरली, ती मी जन्मात प्रथमच ऐकली. मला खरंच लाज वाटली.

मग आईनं सांगितलं आणि मी केलं. हलल्यावर बटव्याला इशारा देणाऱ्या तीन डब्या बनवल्या. एक दाराला, एक कुकरला, एक बाजारातल्या टोपलीला, गिऱ्हाईकानं हात लावला की कळावं म्हणून. ताईनं बाहेरून दार हलवलं, आईनं उघडलं. पुन्हा हलवलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही. समजलं होतं, पण भाकरी तव्यावर होती! ताई दोन किलो वांगी घेऊन एकटीच चंद्रपूरला गेली.

पुढं मावला गावचा एक गृहस्थ दुकानात आला. त्याच्या वडिलांना ऐकू येत नव्हतं आणि बेल्याच्या बाजारात त्यानं आईचा बटवा पाहिला होता. मी खुर्ची पुसून दिली आणि माझा शोध सविस्तर समजावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रवाल्या बाई कधी भेटतील, असं विचारलं.

आईला मोटरसायकलवर बसवून मी मावल्याला नेलं. ती आणि ते आजोबा आत दोन तास हातवारे करत खिदळत होते. मला मात्र ड्रायव्हर समजून घरातल्या बायकांनी अंगणात चहा दिला.