साडूभाऊंचा हिरवा पडदा

जगात एकदा आलेली कुठलीही वस्तू परत जाता कामा नये, असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. धुळ्यात त्यांनी घर वाढवलं तेव्हा दर्शनी दार नव्या रस्त्यावर आलं. पण मागच्या गल्लीतलं जुनं दार त्यांनी बुजवू दिलं नाही. का, तर शिरपूरची आत्या त्याच दाराने येते. आत्या यायची वर्षातून एकदा. बाकी वर्षभर घरची माणसं घंटा वाजली की पुढे आणि कडी वाजली की मागे धावायची. "ह्यांचे लग्नाआधीचे शर्टसुद्धा आहेत, भाऊजी," माझी मेहुणी सांगते. "म्हणे, पोट परत जुन्यावर आलं तर!" मी हसतो खरा, पण त्या घरी दोन दिवस काढले की मला आपल्या घरी जाऊन गुपचूप झोपावंसं वाटतं.

ते कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत. नव्वदच्या आसपास जळगावच्या एका शेठनी कापसाच्या वजनकाट्यांना कॉम्प्युटर जोडून विकायचा धंदा काढला होता. मशीन चालू करताच त्याला जागं करणारा, पडद्यावर पहिली अक्षरं उमटवणारा आणि मग मोठ्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट लोडर. तो साडूभाऊंचा. सुरुवातीचे पडदे हिरव्या अक्षरांचे होते, पुढे रंगीत आले. अडचण अशी, की पडद्यावर अक्षरं पाठवणारं जुनं डिस्प्ले कार्ड मेमरीतल्या एका जागी अक्षरं शोधतं आणि नवं दुसऱ्याच जागी. म्हणून साडूभाऊंचा प्रोग्रॅम आधी "आत कोण आहे?" अशी चौकशी करी आणि मग त्याच्या त्याच्या जागी लिही. शेठना मात्र मशीन चालू होताच स्वतःचं नाव आणि त्यामागे उगवता सूर्य हवा झाला. बूट लोडरला मिळणाऱ्या तेवढ्याशा जागेत सगळं मावेना.

"ते जुनं काढून टाका," शेठ म्हणाले.

"दोंडाईच्याला आबांच्या काट्यावर अजून हिरवा पडदा आहे."

"एका आबासाठी?"

"सूर्य जरा लहान केला तर?"

शेठना सूर्य मोठाच हवा होता. जुनं काढा, नाहीतर घरी बसा, असं त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. मेहुणी मला म्हणाली, "तुम्ही तरी समजवा." मी समजावलं. ते सगळं शांतपणे ऐकत राहिले आणि दमलो मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. जुना भाग मग पुण्याहून आणलेल्या एका हुशार गृहस्थांनी कापला.

कापसाच्या हंगामाच्या तोंडावर आबांकडे काटापूजन होतं. कापसाची पहिली गाडी मुहूर्तावरच मोजली जायला हवी, नाहीतर हंगाम नाट लागल्यासारखा जातो अशी आबांची श्रद्धा. साडूभाऊंना बोलावणं होतं आणि एसटीत सोबत म्हणून मला. काट्याला हळदकुंकू लागलं, हार घातलेले बैल येऊन उभे राहिले, सफारीतल्या शेठचं भाषण झालं. मग नवी फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं. पडदा काळाकुट्ट.

"चालू आहे, आबा. आवाज येतोय ना?" शेठ म्हणाले. ते खोटं नव्हतं. आत सगळं व्यवस्थित चाललं होतं, फक्त जुन्या कार्डाला त्याचा पत्ता नव्हता.

"आवाज त पिठनी गिरनीले बी येस, शेठ," आबा म्हणाले. "पन माले त काहीच दिखत नही!"

मुहूर्त टळत आला होता. एका बैलाने दुसऱ्याचा अर्धा हार खाल्ला होता. साडूभाऊंनी पिशवीतून आपली फ्लॉपी काढली आणि, हे त्यांनाच जमतं, शेठकडे बघून विचारलं, "लावू?" हिरवी रोमन अक्षरं उमटली: काटा तयार. गाडी पुढे सरकली. लगेच शेठ म्हणाले, "आमची कंपनी जुन्या गिऱ्हाइकाला कधी विसरत नाही!" टाळ्या पडल्या. साडूभाऊही वाजवत होते.

शेठनी त्यांना परत घेतलं, आपणच मोठं मन केल्याच्या थाटात. आणि पुढल्या दिवाळीत आबांना रंगीत पडदा विकला. आबांनी तो हौसेने घेतला. "यामां सूर्य बी दिखस!" एवढ्या भांडणाचं हे फळ. हिरवा पडदा आबांनी साडूभाऊंनाच देऊन टाकला. तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती ते आधी त्याच्यावर चालवून बघत. खानदेशात असा पडदा दुसरा कुणाकडे उरला नव्हता, तरी.

मध्ये धुळ्याला गेलो तेव्हा वीज नव्हती, घंटा वाजेना. म्हणून मागच्या गल्लीत जाऊन कडी वाजवली. साडूभाऊ स्वतः धावत आले. "तुम्ही होय," म्हणाले आणि क्षणभर माझ्यामागे गल्लीत बघत राहिले. आत्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

आत टेबलावर हिरवा पडदा होता. तोही कायमचा बंद पडला होता; पण वर्षानुवर्षं एकाच जागी उमटून अक्षरं काचेत भाजली गेली होती. खिडकीच्या तिरप्या उजेडात 'काटा तयार' स्पष्ट वाचता येत होतं.

"आता तरी प्रोग्रॅममधला तो जुना भाग काढलात ना?" मी विचारलं.

"राहू दे," ते काच पुसत म्हणाले. "कुणाला काय त्रास आहे त्याचा?"

निघताना मागच्याच दाराने निघालो. माझ्यामागे त्यांनी दार ओढून घेतलं, पण लगेच परत उघडलं आणि बाहेर येऊन कडी दोनदा वाजवून पाहिली. वाजत होती.