ब्याण्णव मार्कांचा कान

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा कान भलताच तिखट. वाफ कुठे गळतेय, पाणी कधी उतरलंय, हे काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगत. अशी सव्वीस वर्षं गेली. मग नवा बॉयलर आला आणि वरून फर्मान निघालं: त्याला हात लावायचा तर परीक्षा पास व्हा, नाहीतर चादरींच्या घड्या घाला. संधी तीनच.

मास्तर कंबर कसून अभ्यासाला लागले. चष्मा होता, पण लावायचा कंटाळा, म्हणून सरावाचे पेपर बायको वाचून दाखवायची. उत्तरांचा कागद तिच्या मांडीवर. घरी मार्क ब्याण्णवच्या खाली उतरतील तर शपथ! मास्तर छाती फुगवून परीक्षेला गेले आणि एक्केचाळीस घेऊन आले. दुसऱ्यांदा त्रेचाळीस. पास व्हायला साठ लागत.

कारणांना तोटा नव्हता. बाक डगमगत होता, पंखा कुरकुरत होता. बायकोचा निकाल तर ठरलेला, पेपर तपासणाराच आंधळा असणार.

तिसऱ्या परीक्षेला महिना उरला आणि बायकोचा घसा बसला. पेपर लेकीने वाचला, अगदी एका सुरात. चव्वेचाळीस मार्क पडले. घसा बरा झाल्यावर आई पुन्हा वाचायला बसली, तेव्हा लेक शेजारी येऊन ऐकत राहिली.

"बॉयलरच्या पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल? अ, थंड पाणी सोडाल. ब, झडप उघडाल. क..." बायकोने श्वास घेतला. "आग बंद कराल. ड, साहेबांना बोलवाल."

"क!" मास्तर गरजले.

"बाबा, प्रश्न काय होता?" लेकीने विचारलं.

जे काम त्यांनी झोपेतही केलं असतं, त्याचा प्रश्नच त्यांना आठवेना.

"आई बरोबर उत्तराआधी श्वास घेते. तुम्ही तेवढाच ऐकता."

"मी? मी तर सरळ वाचते!" बायको फणकारली आणि पुढच्या प्रश्नालाही तेच केलं.

मास्तरांना मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून चष्मा नाकावर, घड्याळ समोर आणि बायको दाराबाहेर. मार्क एकोणपन्नास. मग चोपन्न. मग घसरून एकावन्न, तेव्हा त्यांनी पुस्तक भिरकावलं आणि स्वतःच उचलून आणलं. शेवटच्या आठवड्यात चौसष्ट पडले. त्या चौसष्टांचं कौतुक त्यांना ब्याण्णवांपेक्षा जास्त वाटलं, पण घरात कुणाला सांगितलं नाही. तिसरी परीक्षा दिली आणि आल्यावर बाकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

निकालाचं पाकीट आलं. मास्तरांना चष्माच सापडेना. बायकोने कागद उघडला आणि वरपासून वाचायला घेतलं. नाव, क्रमांक, तारीख.

"एकूण गुण..." तिने श्वास घेतला.

"पास!" मास्तर मटकन खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायलाच लागले.

"अहो," बायको वैतागली, "अजून आकडा वाचलाय कुठे मी?"