मिक्सर थांबला की

क्रीम फेटायला हँड मिक्सर लावला, की त्याच्या घरघरीत घरातलं दुसरं काही ऐकू येत नाही. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हाही मी आंब्यासाठी क्रीमच फेटत होते. त्यांच्या हाका मला ऐकूच आल्या नाहीत. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी बटण बंद करते आणि कानोसा घेते. घरात म्हातारं माणूस असलं की शांततासुद्धा तपासून घ्यावी लागते.

आज पुन्हा थांबवला. पात्यांवरून क्रीम ठिबकत होतं. आतून ना खोकला, ना बांगड्यांचा आवाज. मिक्सर तसाच ठेवून मी आतल्या खोलीच्या दाराशी धावले.

"आई?"

पलंगावरून कापरा आवाज आला, "अगं, सारखा बंद नको करूस. आवाज थांबला की वाटतं, तुला शॉक लागला. मला तर उठून येताही येत नाही."