केक आपटायचा की नाही

आमच्या घरात बरेच दिवस मी दुभाष्याचं काम केलं. दोन्ही बाजूंची भाषा मराठीच, तीही बीडकडच्या केजची, तरी मधे माणूस लागायचा. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की आबा, म्हणजे माझे सासरे, समोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. वय ऐंशीच्या घरात असलं तरी त्यांचे कान शाबूत आहेत, नको तेवढे शाबूत. पोरीचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जायचा. पण तिच्याशी बोलायचं नाही. मला म्हणायचे, "तिला इचार, जेवली का." पोरगी फोनमधून ऐकतच असायची, तरी मी विचारायचं की आबा विचारतात, जेवलीस का. ती म्हणायची, आबांना सांग, जेवले. मग हातभर अंतरावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी सांगायचं, जेवली म्हणे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग जास्त यायचा.

लेक जपानला आहे. नर्सिंग केलं, मग संभाजीनगरला खोली करून जपानी भाषा शिकली, आणि तिकडच्या एका लहान गावात, थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात अशा ठिकाणी नोकरीला लागली. घर सोडून जाण्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. अर्धा तालुका ऊसतोडीला जातो, शिकलेली पोरं पुण्याला कंपनीत जातात. नवल होतं ते फक्त जपानचं. जपान दुबईच्या अलीकडे की पलीकडे, असं आमची शेजारीण मला अजून विचारते. मी दर वेळी पलीकडे म्हणते आणि ती दर वेळी "अगं बाई" म्हणते.

आबांचं मात्र जपानशी काही भांडण नव्हतं. त्यांचं भांडण तिच्या कामाशी होतं. ती तिथे म्हाताऱ्यांना अंघोळ घालणार, कपडे बदलणार, घास भरवणार हे कळलं तेव्हा ते एकदाच बोलले. "घरचं म्हातारं टाकून लोकांची म्हातारी धुवायला चालली," एवढंच. त्यानंतर तिच्याशी बोलणं बंद. निघायच्या दिवशी ते उजाडायच्या आत शेतात निघून गेले. पोरीनं त्यांच्या रिकाम्या बाजेला वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली. ते आठवलं की मला आजही भरून येतं.

कारण या दोघांचं मेतकूट आमच्यापेक्षा जास्त जमायचं. ती लहान असताना माझ्या हाताने जेवायची नाही, आबांच्या ताटात बसायची. हुरड्याच्या दिवसांत ते तिच्यासाठी गरम कणसं चोळून तळहातावर फुंकून द्यायचे आणि बाकीची नातवंडं रांगेत उभी असायची. तीच पोरगी आता आबा उठून अंगणात गेले की फोनवर हळूच विचारायची, "मम्मी, आबा माझ्याशी कधीच बोलणार न्हाईत का?" मी म्हणायचे, बोलतील. म्हातारा हट्टी असला तरी सून काही कमी नाही. म्हणायला काय जातं. काय करावं हे मला मुळीच सुचत नव्हतं.

त्यातच आबांचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी बसवली, तर ती त्यांनी कपाटावर ठेवून दिली. तोंडात दगड धरल्यासारखं होतं म्हणे. मग भाकरी दुधात कुस्करून खायची, नाहीतर वरणात कालवून. जन्मभर कडक भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्लेला माणूस, त्याला ते मऊ मऊ नकोसं व्हायला लागलं. ताटात अर्धं तसंच राहायचं. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिच्याकडच्या म्हाताऱ्यांना एक केक फार आवडतो. क्रीम नाही, काही नाही, नुसता पिवळा आणि कापसासारखा. दात नसलेली माणसंसुद्धा आवडीनं खातात. "तू आबांना करून दे. माझं नाव सांगू नको," ती म्हणाली. माझं नाव सांगू नको हे ऐकलं आणि मी ठरवलं की केक करायचाच, आणि नाव सांगून करायचा.

केक मला अगदीच नवा नव्हता. घरात छोटा ओव्हन आहे, वाढदिवसाला मी रव्याचा केक करते, तो चांगला जड आणि पोटभरीचा होतो. हा प्रकार वेगळा निघाला. अंड्यातलं पिवळं वेगळं काढायचं, त्यात दूध, तेल, चाळलेला मैदा घालायचा. पांढरं वेगळं घेऊन साखर घालत घालत त्याचा असा फेस करायचा की भांडं उलटं केलं तरी खाली पडू नये. मग तो फेस पिवळ्यात हळूच मिसळायचा, खालून वर, खालून वर, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. हे शेवटचं मी पोरीचे शब्द सांगतेय, माझे नव्हेत.

पहिल्या वेळी फेस झकास झाला. भांडं मी स्वतःच्या डोक्यावर उलटं धरून पाहिलं. पुढे मात्र हाताने घात केला. इतकी वर्षं भज्याचं पीठ फेटलंय, पिठलं घोटलंय, गुठळी दिसली की हात आपोआप जोरात फिरायला लागतो. तो फिरला. सगळा फेस बसला आणि ओव्हनमधून जे निघालं त्याला माझे यजमान दुकानातून आल्या आल्या म्हणाले, आज ढोकळा केलास वाटतं, वरून फोडणी राहिली. मी त्यांना तीन तुकडे खायला लावले. आबांना एक दिला, तुमच्या नातीनं सांगितलेला केक आहे म्हटलं, त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला.

दुसऱ्या वेळी मी डावा हात पाठीमागे धरून उजव्याने अगदी सावकाश मिसळलं. डब्याला कागद लावला, लहान परातीत गरम पाणी घालून त्यात डबा ठेवला, सगळं ओव्हनमध्ये सरकवलं आणि समोर पाट घेऊन बसले. लाईटसुद्धा गेली नाही, एवढं नशीब. केक वर आला, डब्याच्या काठाच्याही वर आला, वरून बदामी झाला. मी आनंदाने आबांना हाक मारली. तेही उठून आले आणि खाली वाकून काचेतून बघत राहिले.

आता यापुढची जी पायरी होती ती पोरीनं मला बजावून सांगितली होती. केक बाहेर काढला की डबा तसाच गरम गरम वीतभर उंचीवर धरायचा आणि ओट्यावर आपटायचा. एकदाच, पण सरळ. मी डबा उचलला, आणि बाजूला आबा उभे.

आमच्या घरात अन्न आपटत नाहीत. ताटसुद्धा आवाज करून ठेवलेलं चालत नाही. भाकरीचा तुकडा खाली पडला तर आबा तो उचलून कपाळाला लावतात. खळ्यावर चप्पल घालून गेला म्हणून आबांनी माझ्या धाकट्या दिराला, तो तेव्हा दोन लेकरांचा बाप होता, सगळ्या गड्यांसमोर झापलं होतं. हे काही भीतीने पाळायचं असतं असं नाही. मी माहेरीही तेच शिकले. चुकून पीठ सांडलं तरी हात आधी पाया पडायला जातो आणि मग पुसायला. त्यामुळे मी डबा वर धरला, आबांकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या हाताने ओट्यावर ठेवून दिला. दोघंही बघत असताना केक मधोमध खचायला लागला. कडा आत ओढल्या गेल्या. थोड्या वेळाने त्याची जाडी बोटभर उरली. आबा म्हणाले, असू दे, खाऊ. मला रडू आलं, खरंच आलं. एका केकसाठी कुणी रडतं का? पण मी केकसाठी रडत नव्हते.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, आपटला होतास का? मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे मम्मी. आबांच्या देखत आपटू नको. ते माझ्यावर अजून रागवतील." इतक्या लांब राहूनही तिला त्यांच्या रागाची केवढी धास्ती, हे ऐकून मला आबांचाच राग आला. त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर कमी घातली. त्यांनी तो निमूटपणे प्यायला.

तिसरा केक तिच्या सुट्टीच्या दिवशी केला. मीच म्हटलं की तू फोनवर राहा, मला एकटीला जमत नाही. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. आबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, फोनमध्ये दिसणार नाही अशा बेताने, पण सगळं दिसेल अशाही बेताने. पोरगी सांगत होती, मी करत होते. मधेच आबा मला म्हणाले, "तिला म्हन, उन्हाळा हाय का तिकडं." मी फेस मिसळत होते, माझा जीव पळीच्या टोकावर होता. मी काहीच म्हटलं नाही. पोरगीच तिकडून म्हणाली, थंडी आहे. आबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

केक फुगला. मी बाहेर काढला. आता फोनमध्ये पोरगी आणि दारात आबा, मधे मी गरम डबा फडक्यात धरून उभी. मी म्हटलं, सांग ना, आता काय? ती अडखळत म्हणाली, "आपट."

मी डबा वर उचलला. तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ फोनपाशी गेले आणि वाकून म्हणाले, "ए माय, कावून आपटायला लावायलीस तिला? अन्न हाय ते."

मी तशीच उभी राहिले, डबा हवेत. पोरीनं तोंडावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी आबा तिच्याशी बोलले होते आणि ते रागवायलाच. पण ती माझी लेक आहे, सावरली. सावकाश सांगायला लागली. आबा, आत गरम वाफ असते. एकदा दणका बसला की ती बाहेर निघते आणि केक तसाच उभा राहतो. न्हाई दिला तर मधून बसतो, परवा बसला ना तसा. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की तिकडची माणसं पण आपटतात का. ती म्हणाली, सगळी आपटतात.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. धुतलेलं होतं, त्यांनी त्याची घडी घातली आणि ओट्यावर अंथरली. मग गरम डब्याला बोट लावून ते कपाळाला लावलं. "आता आपट," मला म्हणाले. मी आपटला. धप्प असा आवाज झाला, ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी हललं, आणि केक होता तसाच उभा राहिला. पोरगी तिकडे हसत होती आणि डोळे पुसत होती. मी पण तेच करत होते.

तो निवायला ठेवला तरी आबा फोनपासून हलेनात. त्यांना सगळंच विचारायचं होतं. तिथं किती म्हातारी माणसं आहेत, त्यांची पोरं बघायला येतात का, अंघोळीला पाणी गरम असतं का. ती एकेक सांगत होती. मी केक कापला, त्यांच्या हातात तुकडा दिला. त्यांनी तो बोटाने दाबला, तो परत वर आला, तेव्हा त्यांना गंमत वाटली. तोंडात टाकला. तो चावावा लागलाच नाही.

"आबा, तुम्हाला राग येतो ना," पोरगी म्हणाली. "मी येते परत. तुम्ही म्हणा, मी येते."

मला वाटलं, आता म्हणतील ये. आणि खरं सांगायचं तर म्हणावं असं मलाही वाटलं.

आबा तोंडातला घास संपवून म्हणाले, "तू आल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांना कोन भरवील मंग?"

आबा बोलत राहिले, जसं काही शेतातलं एखादं काम समजावून सांगताहेत. "लहान घास घेत जा. मान पुढं घ्यायची, मागं गेली की ठसका लागतो. गिळला का ते गळ्याकडं बघायचं, मगच दुसरा. तुझी आजी पडून होती तवा मीच भरवायचो. पहिले आठ दिवस मला न्हाई जमलं."

माझ्या लग्नाआधीच सासूबाई गेल्या होत्या. त्यांना कोण भरवत होतं, हे त्या दिवसापर्यंत या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"कसा धरायचा घास?" पोरीनं विचारलं.

आबांनी केकचा लहानसा तुकडा मोडला. डावा हात खाली वाटीसारखा धरला, उजव्या हाताची बोटं फोनजवळ नेली आणि म्हणाले, "असा." तिकडे पोरीनं मान पुढे घेतली आणि तोंड उघडलं.