अण्णाच्या श्वासाचा वास

सुभाष रोडवरच्या दुकानात कुणीतरी नखांचा रंग पुसायची बाटली उघडली आणि अ‍ॅसिटोनच्या त्या गोडसर, गार वासाने मी केशवापूरच्या आमच्या जुन्या घरात पोचले.

माझा थोरला भाऊ अण्णा तारिहाळला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. हाताला चिकटलेलं रेझिन अ‍ॅसिटोननेच निघायचं, आणि तो वास रोज त्याच्याबरोबर घरी यायचा. त्या दिवाळीत कारखाना बंद होता. अण्णा गळून पडला होता, सारखं पाणी मागत होता, आणि त्याच्या तोंडाला तोच वास येत होता.

"सुट्टीतपण कारखाना तोंडात घेऊन बसलास की रे," आई म्हणाली.

"अंगात मुरलाय तो, जातोय कुठं," अण्णा हसला.

तो गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह फार वाढला की शरीर स्वतःच अ‍ॅसिटोन तयार करतं. दुसऱ्या कुणाच्या घरी कुणीतरी विचारलं असतं, हा वास कसला. आमच्या घरी तो ओळखीचा होता.

त्या दुपारी त्याची तहान भागेना म्हणून आईने लिंबाचं सरबत केलं. अंगात ताकद यावी म्हणून साखर जरा जास्तच घातली. अण्णाने पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला, आणि आईने तो काठोकाठ भरला.